आखाजीचा हिशोब

जावक क्र. १/२०२५
कळसाडी, ता. शहादा
दि. २ मार्च २०२५

विषय : 'अकाउंटिंग' या शब्दाचे मूळ व अर्थ पुरवणेबाबत.

चि. चेतनास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू मोबाईलवर 'मामा, मेसेज करा ना' म्हणालीस. मेसेज मी करत नाही. डाकेचा शिक्का नसलेला मजकूर म्हणजे पारावरच्या गप्पा. छत्तीस वर्षं सोसायटीत हेडक्लार्क होतो, एकही कागद जावक क्रमांकाशिवाय टेबलावरून हलू दिला नाही. ते आता भाचीसाठी मोडू काय?

मुद्द्यावर येतो. आखाजी यंदा ३० एप्रिलला आहे. नाशिकला गेल्यापासून तू अक्षय्य तृतीया म्हणत असशील, आमची आखाजीच. त्या दिवशी दुपारनंतर मारुतीच्या पारावर गावाचा वर्षाचा हिशोब मोठ्यानं वाचायची रीत तुला आठवत असेल. मी वाचतो, भीमसिंग शेजारी बसून लाल पेन्सिलीनं खुणा करतो. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागते. कोणी 'थांब' म्हटलं की वाचणाऱ्यानं त्या ओळीवर बोट ठेवायचं, आणि म्हणणाऱ्याचं समाधान होईपर्यंत ते उचलायचं नाही. माझ्या वाचनाला यंदा चाळीस वर्षं होतात. या काळात मी एक ओळ गाळली नाही आणि माझ्यावर एकदाही 'थांब' आलं नाही. म्हणून सरपंच शाल-नारळ देणार आहेत. त्या वेळी मी 'हिशोब : शब्द आणि अर्थ' या विषयावर विद्वत्तापूर्ण भाषण करीन असं जाहीर झालं आहे. तू सीए. लोकांच्या चुका काढून पैसे घेतेस. तेवढी दोन पानं मामाला फुकट लिहून दे. शब्द शक्यतो शुद्ध, आपला असावा.

आखाजीला तुझ्या आईला, गजराला, घेऊन ये. माहेरवाशीण आहे, झोका बांधून ठेवतो. येताना तिचं आधार कार्ड आणि दोन फोटो आण. शहाद्याला बारीकसं काम आहे.

तुझा मामा,
बन्सीलाल

नाशिक
११ मार्च २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात आलं. शिपायाला वाटलं सरकारी नोटीस आहे, तो घाबरून पाणी घेऊन आला.

मामा, तुम्ही मागितलंत म्हणून सांगते, मग रागवू नका. 'अकाउंट' हा शब्द इंग्रजांचा नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी लॅटिनातून. मुळात अर्थ 'एकत्र धरून मोजणं'. पण त्या लोकांत मोजणं आणि सांगणं यांचं मूळ एकच. म्हणून आजही 'अकाउंट' म्हणजे आकडेही आणि झालेल्या गोष्टीची हकीकतही. ज्यानं मोजलं त्यानं सांगायचं, आणि विचारलं तर उत्तर द्यायचं. हे तुमच्या पारावरच्या बोटासारखंच झालं.

आता आपला शब्द. हिशोब अरबी. जमा अरबी, खर्च अरबी, बाकी अरबी, रक्कम, वसूल, तारीख, सगळं अरबी, फारशीच्या अंगणातून आपल्याकडे आलेलं. तुमचा लाडका 'रोजमेळ' म्हणाल तर 'रोज' फारशी आणि 'मेळ' आपला, म्हणजे उघड उघड आंतरजातीय लग्न. सरपंचांना सांगू नका, शाल परत घेतील. संस्कृतातून आलेलं काय, तर ऋण, उधार आणि व्याज. त्यातल्या 'व्याज'चा संस्कृतातला अर्थ बहाणा, कपट. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं म्हणायचं!

शुद्ध आपलाच शब्द हवा असेल तर 'निरंक' घ्या. निर् आणि अंक, जिथे आकडाच नाही ते. हा शब्द मी नाही, आईनं सुचवला. मी तुमचं पत्र मोठ्यानं वाचत होते, ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले सांग, निरंक घे."

आणि आधार कार्ड, दोन फोटो आणि शहादा एवढ्या तीन गोष्टी एका ओळीत आल्या की मी त्याला बारीकसं काम म्हणत नाही. काय काम आहे ते लिहा. आईला विचारलं तर म्हणते, "भाऊ बोलावस तर जावानं."

तुमची,
चेतना

जावक क्र. २/२०२५
कळसाडी
दि. २२ मार्च २०२५

संदर्भ : तुझे दि. ११/३ चे उद्धट पत्र.

चि. चेतनास आशीर्वाद.

हनुमानासमोर उभं राहून अरबी सांगू मी? भीमसिंगला आधीच अर्धं ऐकू येतं, तो उरलेलं अर्धं गावभर करील. आंतरजातीय लग्नाचं वाक्य तर मामाला लिहायलाच नको होतं. तुझं स्वतःचं जमेना अजून, आणि चाललीस शब्दांची लग्नं लावायला.

'निरंक' मात्र पसंत. भाषणाचा शेवट त्यावरच करीन. गजराला हा शब्द कुठून माहीत याचं नवल वाटलं. तुझ्याच तोंडून ऐकला असेल.

कामाचं विचारलंस. लपवण्यासारखं काही नाही. शहादा रस्त्याला लागून आपलं सहा एकर आहे, त्यावर भूपेंद्र लग्नाचं लॉन्स काढणार. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण डोकं आहे त्याला. हजार पानाचं जेवण, नवरा-नवरीला फिरतं स्टेज, नाव 'भूपेंद्र लॉन्स'. आमचे वडील, अण्णा, गेल्यावर वारस लागले तेव्हा सातबाऱ्यावर माझ्या नावाखाली गजराचं नाव आलं. कर्जासाठी बँक म्हणते, नाव कमी करा. म्हणून हक्कसोड. आपल्यात सगळ्याच बहिणी करून देतात, त्यात विचारायचं काय? सही करायची, साडी-चोळी घ्यायची, पुरणपोळी खायची. साडी घेऊन ठेवली आहे, हिरवी, काठाची. तुझ्या मामीनं दोन हजारांची काढली होती, मी म्हटलं बहीण एकच आहे, आणि चोवीसशेची घेतली.

आता तू कायदा सांगू नको. घरचे हिशोब सीएनं तपासायचे नसतात.

भाषणासोबत लोकांना दाखवायला अण्णांच्या हातची रोजमेळ, रोजच्या जमाखर्चाची वही, काढली आहे. पत्र्याच्या पेटीत होती. आखाजी सन १९८३ ते आखाजी सन १९८४, पूर्ण साल, एका दिवसाचा खंड नाही. अक्षर बघ, मोत्याचा दाणा! आमच्या घराण्यात हिशोब रक्तातूनच येतो. मी त्या साली धुळ्याला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो, नाहीतर मीच लिहिली असती. पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, फ्रेम करून ऑफिसात लाव.

बन्सीलाल

नाशिक
३ एप्रिल २०२५

ती. मामांना नमस्कार.

झेरॉक्स मिळाली. आईला दाखवली. तिनं चष्मा लावला, काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाली, "कागद पिवया पडना. अक्षर तसंच शे." आणि पोळ्या लाटायला गेली. त्या दिवशी चार पोळ्या करपल्या.

साडीबद्दल आभार. सहा एकरातल्या आईच्या अर्ध्या वाट्याला, तीन एकराला, चोवीसशे, म्हणजे एकराला आठशे. त्या रस्त्यावर इतकं स्वस्त कुणाला मिळालं नसेल. बहीण एकच आहे ते बरं झालं, दोन असत्या तर चोळीवर भागवावं लागलं असतं. कायदा मी सांगत नाही. सही आईची आहे, ती करील किंवा करणार नाही, मी तिच्या हातातून पेन काढून घेणार नाही. मात्र मला राग आला आहे, मामा, आणि तो मी या पत्रात नोंदवून ठेवते.

भाषणासाठी एक सुचवू? 'ऑडिट' हा शब्दही लॅटिन, त्याचा अर्थ 'ऐकणं'. जुन्या काळी तिकडे हिशोब तपासत नसत, मोठ्यानं वाचून घेत आणि ऐकत. म्हणजे कळसाडीचा पार हीच खरी ऑडिटची जागा. तेव्हा अण्णांची रोजमेळ नुसती दाखवू नका, वाचा. गावाला चाळीस वर्षांपूर्वीचे भाव ऐकायला मजा येईल. अर्थात तुमच्या पद्धतीनं, ओळ न गाळता.

आईला मी आणते. आधार कार्ड तिनं आपणहून पिशवीत टाकलं आहे.

चेतना

जावक क्र. ३/२०२५
कळसाडी
दि. १४ एप्रिल २०२५

चि. चेतनास आशीर्वाद.

तुझी सूचना मंजूर. शेवटी भाची कुणाची! पारावर खुद्द अण्णांची वही, वाचणारा त्यांचा मुलगा, वर शाल. भूपेंद्र व्हिडिओ काढणार आहे.

वही आधी वाचून ठेवू का, असं तुझी मामी विचारत होती. मी म्हटलं, रंजना, छत्तीस वर्षं वह्या वाचल्या, आता काय तालीम करू? अण्णांच्या हिशोबात लपवण्यासारखं काय असणार!

तुझ्या रागाची नोंद घेतली. वय वाढलं की उतरतो.

१ मे सुट्टी आहे. २ मेला शहाद्याच्या रजिस्टर ऑफिसात सकाळी अकराचं टोकन घेतलं आहे. गजराला सांग, जास्तीचे कपडे आण.

बन्सीलाल

जावक क्र. ४/२०२५
कळसाडी
दि. ७ मे २०२५

विषय : दि. ३०/४ रोजी पारावर घडलेल्या प्रकाराबाबत.

चेतना,

तू स्वतः तिथे होतीस, त्यामुळे प्रकार लिहायची गरज नाही. तरी लिहितो, कारण गावात त्याच्या सतरा आवृत्त्या फिरत आहेत आणि एक तरी प्रत बरोबर असावी.

भाषण चांगलं झालं. शेवटी अरबीही सांगितलं, तिथे चार माणसं उठून गेली ती तंबाखूला. शाल गळ्यात पडली. नंतर मी अण्णांची वही उघडली. पहिली दहा पानं लोक खूश. तेलाचा भाव ऐकून बाया हसल्या. मग आली ती ओळ : 'बन्सीची फी व वसतिगृह, धुळे, रुपये तीनशे चाळीस. गजराची शाळा बंद. नववीची पुस्तके अर्ध्या किमतीस दिली.' पुढे कापसाची वेचणी सुरू झाली. 'रेवजी, मजुरी रुपये चार. फुलीबाई, मजुरी रुपये तीन. गजरा, मजुरी निरंक.' रेवजी-फुलीबाई डोंगरातून आलेलं मजूर जोडपं, त्यांना पैसे दिले ते ठीक. घरच्या पोरीला मजुरी कोण देतं? पण वहीत होतं, आणि मी ओळ गाळत नाही. दुसरा दिवस, गजरा, निरंक. तिसरा दिवस, निरंक. भीमसिंगमुळे प्रत्येक दोनदा. वेचणीचे त्रेसष्ट दिवस आहेत, हिशोब तूच कर. विसाव्या दिवसापासून मी 'गजरा, मजुरी' म्हणायचो आणि सगळा पार 'निरंक' म्हणायचा, जणू आरती चालली आहे. पोरं टाळ्या वाजवत होती. भूपेंद्रनं व्हिडिओ बंद केला.

आणि मग बायांच्या मागून तो आवाज आला. "थांब, भाऊ."

चाळीस वर्षांत पहिलं 'थांब', आणि तेही बाईमाणसाचं. मी बोट ठेवलं. गजरा पुढे आली. म्हणाली, "भाऊ, हाई अक्षर कोन्हं शे?" मी म्हटलं, अण्णांचं. तर भीमसिंगला, ज्याला बंदुकीचा बार ऐकू येत नाही, त्याला हे बरोबर ऐकू आलं. म्हणे, "अण्णा तं अंगठा लावे!" पार खदखदून हसला. गजरा हसली नाही. परत विचारलं, "कोन्हं शे?"

आता ऐक. मी खोटं बोललो नाही. मी धुळ्याला असताना अण्णा लिहायला शिकले असतील असं मी धरून चाललो होतो. चाळीस वर्षं धरून चालल्यावर माणसाला ते खरंच वाटतं. शिवाय लिहिणाऱ्याचं नाव वहीत घालायची पद्धत नाही. हे सगळं मी पारावर समजावून सांगितलं. कोणाचं समाधान होईना. ऊन तोंडावर, शाल गळ्यात, बोट ओळीवर. पाऊण तास. पाणीसुद्धा तुझ्या मामीनं पाजलं, आणि पाजताना कानात म्हणाली, "बोला आता, हात दुखेल."

मी म्हटलं, "गजरानं."

तिनं भीमसिंगच्या हातची लाल पेन्सिल घेतली आणि माझ्यापुढे धरली. रीत आहे, 'थांब'चं उत्तर वाचणाऱ्यानं स्वतःच्या हातानं समासात लिहायचं. मी लिहिलं, 'लेखनिक : गजरा'. ती म्हणाली, "वाच आते पुढे."

मला लाज वाटली. हे वाक्य माझ्याकडच्या स्थळप्रतीत घेतलेलं नाही.

आता मूळ विषय. १ तारखेला सकाळी मी उठेपर्यंत तुम्ही दोघी पहिल्या बसनं गेलात. न सांगता. साडी मात्र गेली. साडी घेतली म्हणजे व्यवहार मान्य, असा अर्थ होतो. टोकन वाया गेलं, नवीन १९ मेचं घेतलं आहे. बँकेचा माणूस रोज फोन करतो. झालं ते झालं, पण पारावरचा राग शेतावर काढू नये. तू शिकलेली आहेस, तिला समजाव.

ता. क. तुझ्या मामीनं शंभर पानी वही आणली आहे. रोज रात्री काहीतरी लिहून उशाखाली ठेवते. काल उघडून पाहिली. 'स्वयंपाक दोन वेळा, गोठा, पाहुणे पाच. मजुरी निरंक.' याला तू जबाबदार आहेस.

बन्सीलाल

नाशिक
१२ मे २०२५

ती. मामांना नमस्कार.

समजावण्याचं काम मला जमलं नाही. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, शेवटपर्यंत, लाजेच्या ओळीसकट. त्या ओळीला तिनं 'परत वाच' म्हटलं. नंतर माझ्याच टेबलावर बसली आणि मला खोलीबाहेर काढलं. सोबतचं पत्र तिचं आहे. मी त्यात काना-मात्राही बदलला नाही, तशी हिंमतही नव्हती.

चेतना

नाशिक
१२ मे २०२५

बन्सीभाऊले गजराना नमस्कार.

तुन्हं पत्र ऐकं. हाई मी स्वतः लिखी ऱ्हायनी. चाळीस वरीसमा किराणानी यादी सोडी तं काही लिखं नही, हात जड पडस.

तू म्हनस, अण्णा लिखाले शिकना व्हतीन अशं तुले वाटनं. भाऊ, तुन्हं धुयाथीन येल कार्ड मन्हा पेटीमा शे. १४ ऑगस्ट १९८३. वर पत्ता, कुमारी गजरा. खाले तुन्हा अक्षरमा : 'रोजमेळ नीट लिहीत जा. जागा कोरी सोडू नको. काही नसेल तिथे निरंक लिही.' माले तो शब्द माहीत नव्हता. तूच शिकाडा. तू सांगं तशं मी लिखं, एक बी दिन कोरा सोडा नही.

मजुरी मी तवय मांगी नही, आते बी मांगत नही. अण्णानं बी मन्हा मनमा काही नही, त्यासले जे समजे ते त्यासनी करं. पन तू शिकेल. तुले मन्हं अक्षर वयखता येत नव्हतं, हाई माले लागनं. पार हसना, पन मी रडनू, ते तुले दिसनं नही, तुन्ही नजर वहीमा व्हती.

लॉन्सनं मी भूपेंद्रशी बोलसू. भाचा शे मन्हा, वैरी नही. पन हक्कसोडवर सही करनार नही. सातबारावर मन्हं नाव ऱ्हाई. १९ तारीखनं टोकन रद्द कर.

पुढला सालनी आखाजीले येसू. झोका बांधी ठेव. पारवर आते पुढे बठसू.

रंजनावहिनीले सांग, शंभर पानी पुरनार नही, जाडी वही ले.

सोबत कार्डनी झेरॉक्स जोडेल शे. आनि पावती, कारन तुले कागद लागस.

पावती
हिरवी काठाची साडी, नग एक, बन्सीभाऊकडून मिळाली.
त्याबदल्यात दिलेलं : निरंक.
लेखनिक : गजरा